शिडाच्या जहाजांच्या युद्धकादंबऱ्या ऐकताना हरवायला होतं, तर काय करावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रोज पुण्याहून चाकणला गाडीनं जाता, जाता-येता मिळून दोनेक तास मिळतात. पॅट्रिक ओब्रायनच्या मालिकेतली पहिली कादंबरी, 'मास्टर अँड कमांडर', ऑडिओबुक म्हणून घेतलीत. एरवी इंग्रजी कादंबऱ्या सहज ऐकता, पण इथं तिसऱ्या प्रकरणापर्यंत पार हरवलात. शिडांची आणि दोरांची नावं कळत नाहीत, कोण कुठं उभं आहे कळत नाही, लढाई झाली हे ती संपल्यावर लक्षात येतं. आता परत पहिल्यापासून ऐकावं, दुसऱ्या निवेदकाचा आवाज शोधावा, की सरळ छापील पुस्तक घ्यावं, असा पेच आहे. शिवाय बारा वर्षांच्या मुलीला सोबत ऐकवता येईल का, हेही विचारलं आहे.

मी व्यापारी जहाजांवर डेक ऑफिसर म्हणून नोकरी केली, आता किनाऱ्यावर कॅडेट्सना नौकानयन शिकवतो. या प्रकारच्या कादंबऱ्या वर्षानुवर्षं ऐकत आलोय, बहुतेक वेळा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, संपवून केबिनमध्ये आडवा झाल्यावर. त्यामुळे उत्तर दोन्ही बाजूंनी देतो, जहाजाच्या आणि कानाच्या.

तुम्हाला वाटतंय की अडचण शब्दांची आहे. मला तसं वाटत नाही. छापील पानावर अनोळखी शब्द आला की डोळा त्यावरून पुढं सरकतो, गोंधळ झाला तर दोन ओळी मागं जातो. बऱ्याच छापील आवृत्त्यांमध्ये सुरुवातीला शिडांची आकृतीही असते. कानाला यातलं काहीच मिळत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या कादंबऱ्यांचं कथानक जागेवर चालतं. दोन जहाजं आणि एक वारा, या तिघांची एकमेकांच्या संदर्भात जागा काय, यावर पुढचं सगळं ठरतं. ती जागा डोक्यात पक्की असेल तर वीस शब्द सुटले तरी बिघडत नाही. ती नसेल तर प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक असूनही काही उमगणार नाही. म्हणून माझा सल्ला एका वाक्यात सांगायचा तर, शब्द सोडून द्या आणि वारा धरून ठेवा.

लेखकालाही तुमच्याकडून शब्दांची अपेक्षा नाही. डॉक्टर स्टीफन मॅट्युरिन हे पात्र त्यानं मुद्दाम जहाजाबद्दल अनभिज्ञ ठेवलं आहे. सुरुवातीलाच एक तरुण मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी, त्याला डोलकाठीवर नेऊन सगळी दोरखंडाची व्यवस्था समजावून सांगतो. डॉक्टरला त्यातलं सगळं झेपत नाही, आणि ते झेपावं असंही नाही. तुमची जागा त्याच्या शेजारी आहे, कप्तानाच्या नाही.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमच्या ॲपवर कोणतं ध्वनिमुद्रण मिळतं, ते मला इथून सांगता येणार नाही. वाटेतल्या वाहतुकीत तुमचं किती लक्ष गुंतलेलं असतं, त्यावरही बरंच ठरतं. आणि तुम्हाला यात समुद्र हवा आहे की माणसं, हा तिसरा भाग. ज्यांना माणसं हवीत त्यांनी जहाजाकडं अर्धं लक्ष दिलं तरी चालतं, कारण कप्तान जॅक ऑब्री आणि मॅट्युरिन यांची मैत्री हाच या मालिकेचा कणा आहे. पण तुम्ही लढाई सुटली म्हणून हळहळताय, म्हणजे तुम्हाला समुद्रही हवाय. तर वाऱ्यापासून सुरू करू.

गाडीतच बसून विचार करा. गाडीचं बॉनेट म्हणजे जहाजाचं नाक. वारा उजव्या खिडकीतून येतोय असं धरा. जहाज डावीकडं कलणार. उजवी बाजू वाऱ्याकडची, डावी वाऱ्याआडची. आता समोरच्या काचेकडं बघा. या कादंबऱ्यांच्या, म्हणजे नेपोलियनच्या काळातली चौकोनी शिडांची जहाजं वाऱ्याच्या दिशेला साधारण सहा पॉइंटपेक्षा जवळ जाऊ शकत नसत. होकायंत्राचे एकूण ३२ पॉइंट, एक पॉइंट म्हणजे सव्वाअकरा अंश, त्यामुळे सहा पॉइंट म्हणजे साडेसदुसष्ट अंश. वारा ज्या दिशेनं येतो तिच्या दोन्ही बाजूंना एवढा भाग जहाजाला बंद. म्हणजे ३६० अंशांतले १३५ अंश गेलेच. शत्रू त्या बंद भागात असेल तर तो डोळ्यांना दिसतो, पण सरळ त्याच्याकडं जाता येत नाही. आधी एका बाजूला तिरकं, मग वळून दुसऱ्या बाजूला तिरकं, असं नागमोडी जात जात पुढं सरकायचं. दोन-दोन दिवस चालणारे पाठलाग या कादंबऱ्यांत का रंगतात, ते एवढ्यावरून कळेल.

याचीच दुसरी बाजू म्हणजे 'वेदर गेज'. हा शब्द तुम्हाला वारंवार ऐकू येईल. जे जहाज वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडून येतो त्या बाजूला, आहे त्याच्याकडं हा 'वेदर गेज' असतो. ते हवं तेव्हा खाली उतरून हल्ला करू शकतं. खालच्याला वर चढून जायला तास न् तास लागतात. शिवाय तोफांचा धूर खालच्या जहाजावर जातो. तरीही वरची जागा नेहमीच फायद्याची असते असं नाही. वारा जोराचा असला तर वरचं जहाज शत्रूच्या बाजूलाच कलतं, आणि त्याच्या खालच्या मजल्यावरच्या तोफांच्या खिडक्या पाण्याला टेकायला येतात, मग त्या उघडताच येत नाहीत. खालच्या जहाजाला पळून जाणं सोपं असतं, हेही आहेच. एखादा कप्तान 'वेदर गेज' मिळवायला पहाटेपासून धडपडतोय असं ऐकलंत की त्याच्या डोक्यात हा सगळा हिशोब चाललाय असं समजा.

आपल्याकडं शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवतात. दिवसा समुद्राकडून जमिनीकडं, रात्री जमिनीकडून समुद्राकडं. तेवढं ज्ञान इथं फार उपयोगी पडतं. या कादंबऱ्यांत एक ठरलेला प्रसंग असतो. रात्री होड्या वल्हवत शत्रूच्या बंदरात शिरायचं आणि नांगरलेलं जहाज पळवून न्यायचं. हे रात्रीच का करतात? अंधार हे एक कारण झालंच. दुसरं म्हणजे मतलई वारा. शीड सोडताक्षणी तोच वारा जहाजाला बंदराबाहेर काढतो. कोणी म्हणालं की आता जमिनीवरचा वारा पडेल, घाई करा, तर धोका काय आहे ते तुम्हाला निवेदकाच्या आधी कळलेलं असेल.

ऐकताना एक क्षण मात्र चुकवू नका, आणि तो म्हणजे जहाज बाजू बदलतं तो. 'रेडी अबाउट' किंवा 'हेल्म्स अ-ली' असा हुकूम कानावर आला की जहाजाचं नाक वाऱ्यातून फिरणार आहे. उजव्या खिडकीतला वारा आता डाव्या खिडकीत येणार. मनातलं चित्र त्याच क्षणी पालटायचं. हे राहिलं तर पुढचा सगळा प्रसंग तुम्ही उलटा ऐकत राहता, आणि मला वाटतं तुमचं तिसऱ्या प्रकरणात हेच होत असावं. 'वेअर' हा हुकूम आला तरी बाजू बदलतेच, फक्त नाकाऐवजी मागची बाजू वाऱ्यातून फिरते. ते करणं सोपं आणि सुरक्षित, पण त्यात जहाज खूप खाली घसरतं. घाईत असलेला कप्तान 'वेअर' का करत नाही, किंवा मोडक्या डोलकाठीचं जहाज तेच का करतं, ते यातून कळतं.

एक खरी लढाई घेऊन हे दाखवतो. 'मास्टर अँड कमांडर'मधली सर्वांत मोठी झुंज इतिहासातल्या ज्या लढाईवर बेतली आहे ती ६ मे १८०१ ला बार्सिलोनाजवळ झाली. लॉर्ड थॉमस कॉक्रेनचं 'स्पीडी' हे १४ तोफांचं लहानसं ब्रिग, म्हणजे दोन डोलकाठ्यांचं जहाज, आणि समोर स्पेनचं ३२ तोफांचं 'गामो'. स्पीडीवर त्या दिवशी ५४ माणसं होती, गामोवर ३१९. स्पीडीच्या तोफा चार पौंडी. एका बाजूच्या सातही तोफा एकदम डागल्या तरी सगळे गोळे मिळून २८ पौंड, म्हणजे तेरा किलोही नाहीत. कॉक्रेननं आधी अमेरिकेचा झेंडा चढवला. नुसतं ऐकलं तर ही साधी फसवणूक वाटते. पण वारा डोक्यात असेल तर कळतं की त्याला जहाज दुसऱ्या बाजूवर घ्यायला वेळ हवा होता, आणि झेंड्यानं तेवढी मिनिटं मिळवून दिली. मग इंग्लंडचा झेंडा चढवून तो वाऱ्याच्या खालच्या अंगानं गामोला इतका चिकटला की दोन्ही जहाजांची दोरखंडं एकमेकांत अडकली. गामो उंच, स्पीडी बुटकं. गामोच्या तोफा तेवढ्या खाली वाकवता येईनात, गोळे स्पीडीच्या डोक्यावरून जाऊ लागले. स्पीडीच्या तोफा मात्र वर तोंड करून गामोच्या डेकमधून आरपार मारत होत्या. पहिल्याच फैरीत स्पॅनिश कप्तान पडला. शेवटी कॉक्रेन सगळी माणसं घेऊन गामोवर चढला, आणि स्पीडीच्या सुकाणूवर राहिला एकटा जहाजाचा डॉक्टर.

यात शिडाचं एकही अवघड नाव आलं नाही हे बघा. वारा कुठून, कोण उंच, कोण चिकटलं, एवढ्यावर लढाई समजली. कादंबरीतला प्रसंग तुम्ही याच तीन गोष्टी धरून ऐका.

दुसरी धरायची गोष्ट म्हणजे वेळ. 'फोर बेल्स इन द मिडल वॉच' असं काहीतरी येतं आणि तुम्ही ते सोडून देता, पण हे दोन मिनिटांत शिकण्यासारखं आहे. दिवसाचे चार-चार तासांचे वॉच. रात्री ८ ते १२ 'फर्स्ट', १२ ते ४ 'मिडल', ४ ते ८ 'मॉर्निंग', ८ ते १२ 'फोरनून', १२ ते ४ 'आफ्टरनून', आणि ४ ते ८ चे दोन-दोन तासांचे दोन 'डॉग वॉच'. हे दोन तुकडे अशासाठी की वॉचची संख्या सात, म्हणजे विषम होते, आणि त्याच माणसांवर रोज तीच वेळ येत नाही. दर अर्ध्या तासाला घंटा, प्रत्येक वेळी एक टोला जास्त, आठ टोले म्हणजे वॉच संपला. त्यामुळे मिडल वॉचचे चार टोले म्हणजे रात्रीचे दोन. मी सेकंड मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा एक अधिकारी, असताना बारा ते चार याच वेळेत ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथं, उभा असायचो, आजही सेकंड मेटची वेळ तीच आहे. तेव्हा रात्री दोनला डेकवरची माणसं कशी असतात, त्यांच्या आवाजात काय असतं, हे मला अंगावर आलेलं आहे, आणि ओब्रायन ते अचूक पकडतो. दुपारी बारा हा वेगळाच सोहळा. सूर्याची उंची मोजायची, कप्तानाला कळवायचं, आणि त्यानं मान्यता दिली की मगच जहाजावर बारा वाजतात. जहाजाचा नवा दिवस तिथून सुरू होत असे.

आता कानाचा खास भाग, आणि यात ऑडिओबुक छापील पुस्तकाच्या पुढं आहे. जहाजाची उजवी बाजू 'स्टारबोर्ड', डावी 'लार्बोर्ड'. हे दोन शब्द वाऱ्यात ओरडून सांगितले की सारखेच ऐकू येतात, म्हणून ब्रिटिश नौदलानं १८४४ मध्ये 'लार्बोर्ड' बंद करून 'पोर्ट' पक्का केला. नेपोलियनच्या काळातल्या कादंबऱ्यांत 'लार्बोर्ड' असणारच. कानाला ते एकसारखं वाटलं तर तुमचा कान बरोबर आहे, खलाशांचाही तसाच फसत होता. सुकाणूचे हुकूम याहून घोटाळ्याचे. त्या काळी हुकूम सुकाणूच्या दांड्याला उद्देशून दिला जाई. दांडा डावीकडं ढकलला की जहाज उजवीकडं वळतं. त्यामुळे 'हेल्म अ-पोर्ट' म्हणजे जहाज उजवीकडं. ही पद्धत १९३०च्या दशकापर्यंत टिकली. आज आम्ही कॅडेटला 'पोर्ट टेन' म्हणतो तेव्हा जहाज डावीकडंच जातं. म्हणून माझ्यासारख्याही माणसाला या कादंबऱ्या ऐकताना सुरुवातीला मनात उलथापालथ करावी लागते. तुम्ही तर हुकूम सोडूनच द्या, जहाज शेवटी कुठं वळलं तेवढं ऐका. असाच एक फसवा शब्द 'बेअर अप'. ऐकायला वाऱ्याकडं चढल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात जहाज वाऱ्यापासून दूर फिरतं.

उच्चारांचंही सांगतो, कारण तुम्ही ऐकलेला शब्द शोधायला गेलात आणि सापडला नाही असं लिहिलं आहे. सापडणार नाहीच, कारण लिहितात एक आणि म्हणतात दुसरं. 'फोरकॅसल' लिहितात, 'फोक्सल' म्हणतात. 'बोटस्वेन' लिहितात, 'बोसन' म्हणतात. आपल्या जहाजांवर त्याच माणसाला सारंग म्हणायची पद्धत आहे. 'टॉपगॅलंट'चं 'टगॅलंट', 'स्टडिंगसेल'चं 'स्टन्सल', 'गनवेल'चं 'गनल' होतं. 'लीवर्ड' म्हणजे वाऱ्याआडची बाजू, ती बोलताना 'लूअर्ड' होते. हा शेवटचा शब्द तेवढा पाठ करा, तो वाऱ्याचा आहे आणि सतत येतो. जो माणूस फक्त छापील पुस्तकं वाचतो त्याला हे उच्चार जन्मभर कळत नाहीत. चांगला निवेदक ते फुकट देतो.

शिडांचं थोडक्यात उरकतो. तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर पुढून मागं 'फोर', 'मेन', 'मिझन'. प्रत्येकीवर खालून वर 'कोर्स', 'टॉपसल', 'टगॅलंट', 'रॉयल'. कोणतंही नाव आलं की आधी काठी, मग मजला. मिझनवर सर्वांत खाली चौकोनी शीड पसरत नाहीत, तिथं उभं लांबट शीड असतं. पहिल्या कादंबरीतलं 'सोफी' हे ब्रिग आहे, त्याला काठ्याच दोन. हे कागदावर एकदा काढा आणि विसरून जा. वर शिडं वाढवली तर वेग हवाय, कमी केली तर वारा वाढलाय किंवा लढाई जवळ आली, एवढं कळलं तरी काम झालं.

निवेदकाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. या मालिकेचे तीन निवेदक मला माहीत आहेत, पॅट्रिक टल, सायमन व्हान्स आणि रिक जेरम. टल यांचा आवाज भारदस्त, वयस्कर, सावकाश. ते वाचतात तेव्हा कोणी जुना कप्तान जेवणानंतर गोष्ट सांगतोय असं वाटतं, आणि कप्तानाचा कुरकुऱ्या नोकर किलिक त्यांच्या तोंडी अगदी जिवंत होतो. व्हान्स अधिक चटपटीत आणि स्वच्छ. संवादात कोण बोलतंय हे त्यांच्याकडं लगेच कळतं. जेरम या दोघांच्या मधले म्हणता येतील. माझी स्वतःची आवड टल, पण चालत्या गाडीत, हरवलेल्या श्रोत्याला मी व्हान्स सुचवीन. विकत घेण्यापूर्वी नमुना ऐका, आणि एकच तपासा. दोघांच्या बोलण्यात 'तो म्हणाला' नसतानाही माणसं वेगळी कळतात का? कळत असतील तर घ्या. संक्षिप्त आवृत्ती मात्र घेऊ नका. संक्षेप करणारा आधी वारा आणि हवामान कापतो, आणि मग लढाया आभाळातून पडल्यासारख्या वाटतात.

लढाई होऊन गेल्यावर कळते ही तुमची तक्रार अर्धी लेखकाच्या खात्यावर टाका. ओब्रायनची ती सवयच आहे. एखादी मोठी घटना तो दोन परिच्छेदांच्या मध्ये उडवून देतो आणि नंतर कोणाच्या तरी बोलण्यातून ती झाल्याचं कळतं. छापील पानावर मोकळी जागा दिसते, कानाला निवेदकाचा क्षणभराचा श्वास तेवढा. त्यामुळे काही सुटलंय असं वाटलं तर एकदाच अर्धा मिनिट मागं जा. तिथं नसेल तर ते पुस्तकातच नाही, पुढं जा. मागं मागं जाऊन शोधत बसलात तर कंटाळा येईल. वेग नेहमीचाच ठेवा, वाढवू नका. ही वाक्यं लांब आणि वळणाची आहेत, आणि त्यांची लय हीच अर्धी मजा आहे. आणि गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, हे सांगायला हवंच. मोठी लढाई सुरू होतेय असं वाटलं आणि समोर वाहतूक असेल तर ती घरी ऐकायला राखून ठेवा. कॅडेट्सना मी सांगतो की ब्रिजवर वॉच असताना कानात काहीही नको, आणि चालकाची जागा माझ्या लेखी ब्रिजच आहे. संवादाची, जमिनीवरची प्रकरणं गाडीत छान चालतात.

कुठून सुरू करावं? तुमच्या जागी मी ओब्रायन थोडे दिवस बाजूला ठेवला असता आणि सी. एस. फॉरेस्टरचं 'मिस्टर मिडशिपमन हॉर्नब्लोअर' घेतलं असतं. १९५० सालचं पुस्तक. हॉर्नब्लोअर मालिकेची सुरुवात फॉरेस्टरनं १९३७ मध्ये केली तेव्हा नायक कप्तान होता, हे त्याच्या पोरवयाचं पुस्तक नंतर आलं. यातलं जवळजवळ प्रत्येक प्रकरण स्वतंत्र गोष्ट आहे, त्यामुळे रोजच्या प्रवासात नीट बसतं. वाक्यं सरळ आहेत आणि वारा कुठून आहे हे फॉरेस्टर विसरू देत नाही.

त्यातली तांदळाच्या जहाजाची गोष्ट माझी सर्वांत लाडकी. हॉर्नब्लोअर अजून पोरगा आहे. पकडलेलं फ्रेंच जहाज चार माणसं घेऊन इंग्लंडला न्यायचं, हे त्याचं पहिलं स्वतंत्र काम. पोटात तांदूळ भरलेला. पकडताना एक गोळा पाण्याखाली लागलेला आहे, हे त्याला उशिरा कळतं. तळात पाणी साचलंय का ते मोजलं जातं, तर कोरडं. मग भोक कळल्यावर शीड खालून ओढून ते बुजवतात, आणि तरी जहाज बिघडतच जातं. पाणी तळापर्यंत पोचलंच नव्हतं, तांदळानं ते पिऊन टाकलं होतं. आणि भिजलेला तांदूळ फुगतो. आतून फळ्या ढकलायला लागतो, सांधे उघडतात. भात शिजवणाऱ्या कोणालाही हे कळेल, पण डेकवर उभ्या असलेल्या त्या पोराला वेळेवर सुचत नाही. मालाचं वजन, ओलावा, फुगणं, तळातल्या पाण्याची रोजची मोजणी, हे आजही आमच्या कामाचा गाभा आहे. पुढं काय होतं ते सांगत नाही.

मुलीसाठीही हीच गोष्ट आधी लावा. मोठी लढाई नाही, आणि एक मोठं कोडं आहे. पुस्तकातली पहिली गोष्ट मात्र तिला एकटीला ऐकू देऊ नका. तिच्यात जहाजावरचा छळ आहे, पोराचं जगणं नकोसं होणं आहे, आणि पिस्तुलाचं द्वंद्व आहे. आधी तुम्ही ऐका, मग ठरवा. ओब्रायनच्या पुस्तकांत चाबकाचे फटके, हात-पाय कापायच्या शस्त्रक्रिया, दारू आणि मोठ्यांचे विषय आहेत. बाराव्या वर्षी मी तरी ते लावणार नाही. पैसे घालायचे नसतील तर फ्रेडरिक मॅरियटचं १८३६ सालचं 'मिस्टर मिडशिपमन ईझी' लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनी वाचलेलं मोफत आहे. मॅरियट स्वतः कॉक्रेनच्या हाताखाली नौदलात होता, म्हणून त्याच्या लिखाणाला प्रत्यक्ष डेकचा वास आहे. फक्त वाचनाचा दर्जा माणसागणिक बदलतो, आणि त्या काळाच्या वंशाविषयीच्या समजुती त्यात उघड आहेत. तिच्याशी त्यावर बोलावं लागेल.

हॉर्नब्लोअर झाल्यावर 'मास्टर अँड कमांडर' पहिल्यापासून लावा, आणि मालिका क्रमानंच ऐका. दुसरी कादंबरी सुरुवातीला बराच काळ जमिनीवर, लग्नाच्या आणि कर्जाच्या गोष्टींत रेंगाळते. तिथं बरेच लोक सोडतात. सोडू नका, कारण तिसरी, 'एचएमएस सर्प्राइज', तुम्हाला मुंबईला आणणार आहे. जहाज दुरुस्तीसाठी तिथल्या गोदीत लागतं आणि मॅट्युरिन गावात भटकतो, ते प्रकरण मी मुंबईकरांना आवर्जून ऐकायला सांगतो. त्या काळी मुंबईची गोदी जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या हातात होती. सागवानी जहाजं तिथं बांधली जात, आणि थोड्याच वर्षांत ब्रिटिश नौदलाची मोठी जहाजंही तिथंच तयार होऊ लागली. १८१७ चं 'ट्रिंकोमाली' त्यांतलंच, ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. सागवान किती टिकतं याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

छापील पुस्तकाचं म्हणाल तर घ्या, पण ऐकण्याऐवजी नको, ऐकल्यानंतर. पहिल्यांदा कानानं वारा धरा, दुसऱ्यांदा पानावर शब्द बघा. दोन्ही एकदम समोर ठेवलं की लक्ष शब्दांकडं जातं आणि वारा पुन्हा सुटतो.

तिसऱ्या प्रकरणात नेमकं कुठं हरवलात ते लिहा. निवेदक कोण आणि साधारण कितव्या मिनिटाला, एवढं सांगितलंत तर वारा तिथं कुठून होता आणि सोफी कोणत्या बाजूवर होतं, ते मी ऐकून सांगतो.